आगीवर लिंबू नको

ज्या चेहऱ्याची आधीच आग होते आहे, त्यावर लिंबू चोळायला सांगणं थांबवा. टोमॅटोची फोड थांबवा, मुलतानी माती थांबवा, बेसन-हळदही थांबवा. इंदूरच्या सुदामा नगरात हळदीकुंकवाला आलेल्या बाईचे गाल जरा तापलेले दिसले, की वाण हातात पडायच्या आत हे सगळे उपाय तिच्या पदरात पडतात. सांगणाऱ्या मावश्या-काकू मायेच्याच असतात. पण त्या गालांना रोझेशिया असेल, तर घरी जाऊन केलेला असा एकेक उपाय पुढचे कितीतरी दिवस छळतो.

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा जुनाट दाह. गाल, नाक, कपाळ, हनुवटी. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या चटकन फुगतात, चेहरा एकदम तापतो, चुरचुरतो, कधी पुटकुळ्या उठतात. बहुधा तिशीनंतर सुरू होतो, बायकांत जास्त आढळतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तोंड नीट न धुतल्याने होत नाही. मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. त्याला भडकवणाऱ्या गोष्टींत ऊन सगळ्यात पुढे, म्हणून रोजचं ऊन अडवणं हा त्याच्या उपचाराचा पाया आहे. सनस्क्रीनला नट्टापट्टा समजून नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

अडचण पुढेच आहे. बाजारातली बरीच सनस्क्रीनं याच चेहऱ्याला झोंबतात. बाई एकदा लावते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत चुरचुरतं, ती तोंड धुऊन टाकते आणि म्हणते, मला सनस्क्रीन सोसत नाही. मग उघड्या चेहऱ्याने भाजी आणायला जाते. तिला सनस्क्रीन सोसत नाही हे खरं नव्हे, ते एक सनस्क्रीन सोसलं नाही एवढंच खरं. या त्वचेसाठी खोक्यावरच्या मोठ्या आकड्याच्या आधी एकच गोष्ट पाहायची: लावल्यावर चेहरा शांत राहतो का?

रोझेशिया हा गोऱ्यांचा आजार, ही समजूत डॉक्टरांच्या पुस्तकांतूनच आली. फोटो सगळे युरोपियन गालांचे, गुलाबी आणि लालभडक. आपल्या गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर ती लाली तशी उमटत नाही. तपकिरी, जांभळट झाक येते, कधी काहीच दिसत नाही आणि बाई एकटीच आतल्या आत भाजत असते. म्हणून आपल्याकडे नुसतं पाहून चालत नाही, विचारावं लागतं. गरम चहाने चेहरा पेटतो का? साधं पाणीही झोंबतं का? पुटकुळ्या आहेत पण मुरुमांसारखी काळी टोकं नाहीत, असं आहे का? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण हा आजार डोळ्यांतही उतरतो आणि ते दुखणं वर्षानुवर्षं ॲलर्जीच्या नावावर खपतं.

न ओळखल्याची शिक्षा त्वचेला होते. मुरुमं समजून तेल खरवडून काढणारा फेसवॉश. वांग समजून रंग उजळणारी क्रीम. मुलीचं लग्न तोंडावर आलं म्हणून पार्लरमध्ये ब्लीच. ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया, रोझेशियाच्या गालावर ते लावणं ही सरळ सरळ इजा आहे. पार्लरवालीने विचारलं नाही तर आपण सांगावं, आणि तिने आग्रह केला तर उठून यावं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. गालांवर आणि नाकावर उन्हाने उठणारा दाह ल्यूपस या आजाराचाही असू शकतो. सांधे दुखताहेत, बारीक ताप येतो, तोंडात व्रण येतात, केस गळताहेत, असं सोबत काही असेल तर ही सनस्क्रीनची गोष्टच नाही. इंदूरला महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एमवायमध्ये, त्वचारोग विभाग आहे. शहरात खासगी त्वचारोगतज्ज्ञही भरपूर आहेत. एकदा जाऊन निदान करून घ्या. शेजारणीचं निदान आपल्या चेहऱ्याला लावू नका.

आता सगळ्यात मोठा घाव. औषधाच्या दुकानात जाऊन "भैया, चेहरे के लिए कोई अच्छी क्रीम दे दो" म्हणायचं आणि भैयाने न विचारता ट्यूब पुढे करायची. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड असतं. सुरुवातीला जादू होते: लाली जाते, पुटकुळ्या बसतात, रंग उजळतो, जाऊबाई विचारते काय लावतेस. काही महिन्यांत कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, ट्यूब सोडली की चेहरा पेटतो म्हणून पुन्हा तीच ट्यूब. हुबेहूब रोझेशिया, तोही विकत घेतलेला. भारतातल्या अनेक केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण त्यांनी तपासले, त्यांतले ४३३ चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरने सांगितलेलंच नव्हतं. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम चांगला. पण काउंटरवर चिठ्ठी मागितली जात नसेल तर तो कागदावरच राहतो, आणि किंमत गिऱ्हाइकाचा चेहरा मोजतो.

घरातली क्रीमची ट्यूब आत्ता हातात घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकदम फेकूनही देऊ नका. अचानक सोडल्यावर जो भडका उडतो तो एकट्याने निभावणं कठीण. डॉक्टरकडे ती ट्यूब घेऊनच जा. ही गाठ सुटेपर्यंत सनस्क्रीनची सगळी चर्चा व्यर्थ आहे, कारण तशा कातडीला काहीही सोसत नाही.

आता खरेदी. सनस्क्रीनचं खोकं पुढून वाचायचं नाही, मागून वाचायचं. पुढे सूर्य, फूल, हसरी मुलगी आणि मोठा आकडा असतो. मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत खरी हकीकत असते, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली चष्मा वर-खाली करत वाचावी लागते. तरी वाचा. वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड हे मुख्य घटक असतील तर ती ट्यूब आधी आजमावावी. ही खनिजं कातडीच्या वरच्या थरावर बसून राहतात आणि अतिनील किरण तिथेच बहुतांशी शोषून घेतात. ती आरशासारखी किरणं परतवतात असं सांगितलं जातं, तो भाग थोडाच. एवोबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन हे दुसऱ्या जातीचे घटक वाईट नाहीत, कोट्यवधी लोक ते निर्धास्त लावतात. पण झोंबण्याची तक्रार त्यांच्याबद्दल जास्त येते, त्यामुळे या चेहऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

मग काय नसावं ते पाहा. परफ्यूम किंवा फ्रेग्रन्स लिहिलंय? परत ठेवा. मेंथॉल, कापूर, पेपरमिंट, निलगिरी? परत ठेवा. लावल्यावर जो थंडावा वाटतो, तोच या कातडीला डिवचतो. यादीच्या पहिल्या चार-पाच नावांत अल्कोहोल डिनॅट आहे? तेही परत ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे जेल सनस्क्रीन आवडीने घेतात, चिकट होत नाही म्हणून, आणि अशी बरीच जेलं हलकी लागतात ती याच अल्कोहोलमुळे. ब्राइटनिंग, व्हाइटनिंग, ग्लो असा शब्द पुढच्या बाजूला असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. सनस्क्रीनला एकच काम असू द्या. ऊन अडवणं, सुरकुत्या पुसणं, डाग घालवणं आणि वास देणं एकाच ट्यूबने करावं असा हट्ट धरला, की त्यातलं काही ना काही झोंबणारच.

झिंकचं एक दुखणं मात्र खरं आहे: सावळ्या चेहऱ्यावर राखाडी-पांढरा थर दिसतो. ऑफिसात "तब्येत बरी नाही का?" विचारतात. कंपन्यांनी वर्षानुवर्षं गोऱ्या कातडीच्या हिशेबाने माल बनवला आणि आपल्यावर लादला, हा राग रास्त आहे. उपाय आहे तो रंग मिसळलेल्या, टिंटेड सनस्क्रीनचा. त्यात लोहाची ऑक्साइडं असतात, पिवळी, तांबडी, काळी. ती पांढरेपणा झाकतात, गालांची लालीही थोडी झाकतात, आणि डोळ्यांना दिसणारा जो प्रकाश वांग वाढवतो, तोही काही प्रमाणात अडवतात. रोझेशिया आणि वांग दोन्ही सोबत असलेल्या बाईला याहून सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही.

आकड्याचं थोडक्यात. एसपीएफ ३० हे कातडी भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. फरक एका टक्क्याचा, पण ही मोजणी कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम थराची असते. घरी आपण त्याच्या निम्मंही लावत नाही आणि संरक्षण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. म्हणून सोसत असेल तर ५० घ्या, सोसत नसेल तर सोसणारं ३० पुरेसं. सोबत ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं आणि पीएच्या पुढे निदान तीन अधिकची चिन्हं हवीत, कारण एसपीएफचा आकडा यूव्हीए किरणांबद्दल काही सांगत नाही. प्रमाण: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत ओळ काढायची, एवढं चेहरा आणि मान मिळून. चोळायचं नाही. टिपक्यांनी ठेवायचं, बोटांच्या पोटाने दाबत पसरायचं, थोडं थांबून दुसरा हात द्यायचा. घासण्यानेही हे गाल तापतात.

आणि विकत आणल्या दिवशी अख्ख्या चेहऱ्याला लावायचं नाही. आधी कानाखाली, जबड्याच्या कडेला, रुपयाएवढ्या जागेवर तीन-चार दिवस. तिथे शांत राहिलं तर एका गालावर दोन दिवस. मग चेहरा. त्या काळात दुसरं नवीन काही सुरू करायचं नाही, नाहीतर झोंबलं कशाने ते कळणार कसं? खाली साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून ते मुरू दिलं तर चुरचुर बरीच कमी होते. डॉक्टरने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या असतील तर दुप्पट सांभाळा. रोझेशियावर ते चांगलं औषध आहे, पण त्याने कातडी उन्हाला हळवी होते, आणि गोळ्यांची चिठ्ठी देताना हे वाक्य घाईत राहून जातं.

आपलं ऊनही समजून घ्या. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं, इंदूर त्याच्या दक्षिणेला. त्यामुळे जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावर लावलेलं आणि आपण त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून मे महिन्यात आपली खरी मध्यान्ह १२ वाजता होत नाही, १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास होते. तीन वाजले, आता ऊन उतरलं, असं म्हणून बाहेर पडणारे फसतात. घड्याळापेक्षा सावली पाहा. स्वतःची सावली स्वतःपेक्षा आखूड असेल तोवर अतिनील किरण तिखट आहेत. लहान पोरालाही कळणारी ही खूण आहे.

माळव्याची हवा आणखी एका प्रकारे चकवते. इथल्या थंड रात्रींचं कौतुक जुनं आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, जानेवारीत गच्चीवर वारा गार लागतो, मटार सोलत बायका तासन्‌तास उन्हात बसतात आणि संध्याकाळी चेहरा भट्टी होतो. गारव्याने अतिनील किरण कमी होत नाहीत. मटार सोला, गच्चीवरच सोला, पण पाठ उन्हाकडे आणि चेहरा सावलीत ठेवून सोला.

आता स्कार्फ. इंदूरच्या मुली-बायकांनी दुचाकीवर चेहरा बांधायची जी रीत पाडली तिचं मला मनापासून कौतुक आहे. फाटकाशी गाडी उभी करून दुपट्ट्याचे दोन वेढे, टोक कानामागे खोचलेलं, वर गॉगल, हातात मोजे, अन्नपूर्णा रोडला लागेपर्यंत फक्त आरशात बघण्यापुरती फट. पण रोझेशियाला उन्हासारखीच धगही नडते. जॉर्जेटचा घट्ट वेढा आत वाफ कोंडतो, गालांवर घासतो, आणि दहा मिनिटांनी फडकं सोडलं की चेहरा लालबुंद. कापड खिडकीसमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर ऊनही आरपार येतं. पातळ पांढऱ्या सुती कापडातून साधारण पाचवा ते सातवा हिस्सा अतिनील किरण आत येतात, आणि कापड भिजलं की आणखी जास्त. महेश्वरीची ओढणी झिरझिरीत म्हणूनच सुंदर, पण उन्हाला ती पुरी पडत नाही. दाट विणीचं, मऊ सुती कापड, सैल बांधलेलं, खाली सनस्क्रीन. आणि हेल्मेट, काच खाली ओढून. हेल्मेटच्या पॉलिकार्बोनेटच्या काचेतून अतिनील किरण फारच थोडे येतात, डोकं वाचतं ते वेगळंच. फूटी कोठीच्या चौकात सिग्नलला काच वर करून घाम पुसायचा मोह होतो, तेव्हा स्वच्छ सुती रुमालाने टिपा, घासू नका.

घरात बसणाऱ्या बाईला वाटतं, मला कशाला हवं. खिडकीची साधी काच भाजणारे किरण अडवते, यूव्हीए बरेच आत सोडते. आणि घरात त्याहून वाईट जागा आहे ती गॅसची शेगडी. मे महिन्यात दुपारी पंधरा-वीस पोळ्या फुलक्यासारख्या आचेवर फुगवल्या तर कुठलंही सनस्क्रीन त्या बाईला वाचवू शकणार नाही, कारण ती धग आहे, ऊन नव्हे. पोळ्या सकाळी लवकर करा. एक्झॉस्ट लावा. त्याहून चांगलं, घरात आणखी हात आहेत, त्यांनी तव्यासमोर उभं राहावं. नवऱ्याला पोळी भाजता येत नाही हे कारण मी ऐकून घेणार नाही, ती पंधरा दिवसांत येते.

खाण्याबद्दल मी कमी बोलेन, कारण इंदूरच्या माणसाचे पोहे काढून घेणं क्रूर आहे. तिखट, वाफाळता चहा, दारू यांनी चेहरा पेटतो, पण प्रत्येकाचा पेटतो असं नाही. पोहे खा, वर जिरावन मसाला घालून एकदा बघा, न घालता एकदा बघा, वहीत लिहा. चहा सोडायचा नाही, कोमट होऊ द्यायचा. ज्याने खरंच त्रास होतो तेवढंच सोडायचं. दुसऱ्याची पथ्यं उचलून स्वतःचं जेवण बेचव करू नये.

पुरुषांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुम्हाला रोझेशिया कमी होतो, पण होतो तेव्हा पुष्कळदा नाकावर बसतो, नाक जाड आणि खडबडीत होतं, आणि तुम्ही डॉक्टरकडे उशिरा जाता. लाल, जाड नाक पाहिलं की लोक म्हणतात, पितो. साफ खोटं आहे, थेंबही न घेणाऱ्यांना हे होतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात डोमेनिको गिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचं पंधराव्या शतकाच्या अखेरचं एक चित्र आहे. आजोबांचं नाक असंच फुगलेलं, गाठी आलेलं. मांडीपाशी नातू त्यांच्या छातीवर हात ठेवून वर बघतो आहे, आणि त्याच्या नजरेत किळस नाही, नुसती माया आहे. नाकाकडे बघून पिण्याचा हिशेब करणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र एकदा पाहावं.

मार्चमध्ये रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेल. डोक्यावर ऊन, अंगावर पाण्याचे फवारे, गुलालाचे ढग, आणि नंतर रंग काढायला साबणाची घासाघीस. रोझेशियाच्या चेहऱ्याला एका दिवसात यापेक्षा जास्त काही सोसायला लावता येत नाही. घराच्या सावलीतून गेर बघता आली तर उत्तम. जायचंच असेल तर खाली जाड मॉइश्चरायझर, वर पाण्यात टिकणारं खनिज सनस्क्रीन, काठाची टोपी, दोन तासांनी पुन्हा एक हात. परतल्यावर रंग एका धुण्यात काढायचा अट्टहास नको. साध्या पाण्याने आणि सौम्य क्लेन्झरने जेवढा जाईल तेवढा जाऊ द्या, उरलेला दोन दिवसांत आपोआप जातो. पण हे सनस्क्रीन गेरच्या सकाळी पहिल्यांदा उघडू नका. कानाखालचे तीन-चार दिवस, गालावरचे दोन, न सोसलं तर दुसरी ट्यूब आणून पुन्हा तेच. म्हणजे खरेदी फेब्रुवारीतच व्हायला हवी.